दोन पुरुष पाणी

आमच्या गावात विहिरीचं पाणी फुटात मोजत नसत, पुरुषात मोजत. एक पुरुष म्हणजे एक उभा माणूस, हात वर केलेला. गावाच्या थोरल्या विहिरीला दिवाळीत पाच पुरुष पाणी असायचं आणि अक्षय तृतीयेपर्यंत ते दोनवर यायचं. विहिरीत सूर मारण्याआधी काठावरच्या माणसाने विचारायचं, "किती पानी शे?" आणि शेवटी पाण्याबाहेर आलेल्याने आकडा सांगायचा, हा तिथला रिवाज. पाणी रोज उतरायचं म्हणून रोज विचारायचं. बांधावरून शिंदखेड्याच्या कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहणारे भाऊबंदसुद्धा हा आकडा खरा सांगत. खोटं बोलायला गावात इतर जागा भरपूर होत्या.

नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, या विहिरीचे अनभिषिक्त राजे होते. अनभिषिक्त तरी कसं म्हणू, दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना नारळ आणि टोपी मिळायची. सर्वांत उंच धोंड्यावरून ते सूर मारत, तळाची माती मुठीत घेऊन येत आणि पाण्याखाली इतका वेळ दम धरत की नवीन सुना रडायला लागत. मग ते भलत्याच कोपऱ्यात वर येत. हा प्रयोग मी किमान पन्नास वेळा पाहिला. टाळ्या पन्नासही वेळा पडल्या.

गावातल्या पोरांना पोहायला शिकवायचं कामही त्यांचंच. बाकीची माणसं पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधत, कमरेला दोर लावत. नाना यातलं काही करत नसत. त्यांचं एक वचन होतं: "उथळ पानीमा मानूस बिघडस." पाय टेकले की माणूस उभा राहतो, पोहत नाही. म्हणून ते पोराला उचलून सरळ पाच पुरुषांत टाकत.

मला टाकलं तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मला दोनच गोष्टी आठवतात. एक, कानात काहीतरी फुटल्यासारखा आवाज. दोन, वर आल्यावर काठावरून कोसळलेलं हसू. मधलं काही आठवत नाही. मी पायरीवर बसून नाकातोंडातून पाणी काढत होतो आणि नाना सगळ्यांना सांगत होते की हे पोरगं पोहत नाही, नुसते बुडबुडे काढतं. त्या दिवसापासून मी बुडबुड्या झालो. माझा डावा कान कायमचा वाहता राहिला आणि पुढे त्याने ऐकणं सोडून दिलं. नाव मात्र शाबूत राहिलं. मी एम.ए. झालो, धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो, तरी नाना भर तासाला वर्गाबाहेर येऊन शिपायाला विचारत, "आमना बुडबुड्या कोठे शे?" माझ्या लग्नात त्यांनी सासरच्या मंडळींना विहिरीची गोष्ट अभिनयासह सांगितली. सासरेबुवा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. तीस वर्षं मी त्या गोष्टीला हसत होतो. त्याची सवय होते.

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका दिवाळीच्या सुटीत आमच्या भाऊबंदकीने सोमनाथ-द्वारकेची बस ठरवली. यात्रा देवाची होती, पण सोमनाथच्या अलीकडे दोन-अडीच तासांवर दीव बेट आहे आणि गुजरातची दारूबंदी पूल ओलांडला की संपते, हे बसमधल्या पुरुषांना देवाच्या आधी माहीत होतं. बायकांना सांगितलं गेलं की बेट बघण्यासारखं आहे. नाना स्वतः पीत नसत. त्यांना समुद्र पाहायचा होता. साठीला आलेल्या या माणसाने समुद्र कधी पाहिलेला नव्हता आणि बस सुरतेच्या पुढे गेल्यापासून त्यांनी दुसरा विषय काढला नव्हता. समुद्रात आपण किती आत जाऊ, किनारा दिसेनासा होईल तेव्हा कुणी घाबरायचं नाही, मोठ्या मायने रडायचं नाही. मोठी माय म्हणजे माझी चुलती. ती म्हणाली, "माले कसाले रडनं शे? कुकू पुसानी वेळ उनी तर रडसू." सगळी बस हसली. नानाही हसले.

माझ्या पिशवीत पर्यटन खात्याची एक घडीपत्रिका होती. मी प्रवासाला निघताना असली कागदपत्रं वाचतो. तिच्यात लिहिलं होतं की हा किनारा घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे, त्यामुळे लाटा आत येत नाहीत. पाणी लांबपर्यंत उथळ आहे. लहान मुलं, कुटुंबं आणि शिडाच्या फळीवरून पाण्यावर घसरण्याचा खेळ शिकणारे यांच्यासाठी उत्तम. मी ते बसमध्ये मोठ्याने वाचून दाखवू शकलो असतो. नाना तेव्हा गप्पांत कितवा तरी सूर मारत होते. मी कागद घडी घालून ठेवला.

किनारा अगदी कागदावरच्यासारखा होता. फांद्या फुटलेली ताडाची झाडं, भजीवाले, उंटवाला, आणि पाण्यात अर्धा गुजरात बसलेला. बायका साड्यांसकट पाण्यात मांडी घालून बसल्या होत्या आणि पापड लाटायला बसल्यासारख्या गप्पा मारत होत्या. व्यापारी मंडळी पोटापर्यंत बुडून वाटाघाटी करत होती. पलीकडे रंगीत शिडांच्या फळ्या इकडून तिकडे जात होत्या. फळीवरचा माणूस पडला की तिथेच उभा राहायचा आणि पाणी त्याच्या मांडीला लागायचं. नाना हे बघून हसले.

"हाई काय पोहनं शे? पाटवर उभा राहीसन? आनि पडना का लगेच उभा!"

ती खरं तर माहिती होती. नानांना तो विनोद वाटला.

त्यांनी धोतर-सदरा काढून मोठ्या मायकडे दिला, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी कसली, समुद्राला हात जोडले, पाणी कपाळाला लावलं आणि चालायला लागले. भाऊबंदकी ओळीने उभी राहून बघत होती. पाणी घोट्याला आलं. मग पोटरीला. मग बराच वेळ पोटरीलाच राहिलं. नाना चालत राहिले. मांडीला पाणी लागेपर्यंत ते इतके लांब गेले होते की त्यांची चड्डी ओळखू येत नव्हती, आणि मग तिथे वाळूचा उंचवटा असावा, कारण ते पुन्हा गुडघ्यापर्यंत वर आले.

नानांचे जावई जळगावला बँकेत होते आणि सकाळपासून दोन बाटल्या पुढे होते. तोंडाला हात लावून ओरडले, "नाना, अजून थोडं चाला! पाकिस्तान येईल!"

हसू फुटलं. नाना तिथेच पालथे झाले. हात मारला तर मूठभर वाळू आली, पाय मारले तर गुडघे घासले. लांबून ते पाण्यावर पडलेल्या म्हशीच्या वासरासारखे दिसत होते. शेजारून एक सात-आठ वर्षांची मुलगी चालत गेली, तिने थांबून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे गेली.

परत आले तेव्हा त्यांच्या मिशीत वाळू होती. "असा समिंदर ऱ्हास का?" ते म्हणाले. "याले समिंदर कोन म्हनी?"

"नाना, तुम्हाला बघून आडवा झाला तो," मी म्हणालो.

माझं वाक्य जावयांच्या वाक्यापेक्षा जास्त चाललं. माझ्या वाक्यांना घरात एवढं हसू पूर्वी कधी मिळालं नव्हतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मोठी मायही हसली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं मी ज्या चेहऱ्याने हसत होतो तो चेहरा त्यांनी करून पाहिला, पण त्यांना त्याची सवय नव्हती.

आम्ही भजी खाल्ली. जावई दर पाच मिनिटांनी पाकिस्तानची चौकशी करत होते. नानांनी भज्यांना हात लावला नाही. मी पाय मोकळे करायला किनाऱ्याच्या टोकाला गेलो. तिथे काळे खडक पाण्यात शिरले होते. मी पँट वर करून खडकाला वळसा घातला, मग पँट भिजलीच म्हणून पुढे गेलो. खडकाच्या पुढच्या अंगाला पाणी माझ्या कमरेला लागलं. तळाशी गर्द शेवाळ होतं, पायाला गिळगिळीत लागणारं. त्याच्यामुळे तेवढाच पाण्याचा तुकडा वरून काळा दिसत होता.

मी बाहेर येत होतो तेव्हा नाना खडकावर चढत होते. त्यांच्यामागे खाली वाळूत सगळी भाऊबंदकी आली होती. खडकाचं टोक पाण्यापासून दीड-दोन पुरुष उंच असेल. नाना टोकावर उभे राहिले आणि खाली पाहिलं. आमच्याकडे काळं पाणी म्हणजे खोल पाणी. विहिरीत याला अपवाद नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका पाहिली. अखेर समुद्र सापडला होता.

मी खडकाच्या पायथ्याशी पोचलो होतो, पँटमधून पाणी गळत होतं. पाण्यातून शेवटी बाहेर आलेला मीच होतो. नानांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"किती पानी शे रे, बुडबुड्या?"

बुडबुड्या म्हणाले नसते तर काय झालं असतं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. त्या विचाराचा फायदा एवढाच की दोष अर्धा वाटला जातो. जावई बघत होते, बायका बघत होत्या, आणि माझी मघाची कमाई अजून गरम होती.

"समुद्राला काय पुरुष मोजायचे, नाना?" मी म्हणालो.

सगळे हसले. वाक्य चांगलं होतं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. आणि त्याच्यानंतर पुन्हा विचारणं म्हणजे घाबरणं, हे नानांना आणि मला, दोघांनाही कळत होतं.

त्यांनी हात जोडून डोक्यावर नेले आणि सूर मारला. सूर सुरेख होता, हे सांगायला हवं. विहिरीत सूर मारला की आवाज खालून घुमून वर येतो. इथे आवाज घुमला नाही. धान्याचं पोतं बैलगाडीतून उतरवल्यासारखा एकच झाला. नाना पालथे तरंगायला लागले.

कुणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं, दम धरलाय. पन्नास वेळा पाहिलेला प्रयोग. कुणीतरी मोठ्याने मोजायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी सूर मिळवला. एक, दोन, तीन. मोठी माय शेजारच्या अनोळखी गुजराती बाईला अभिमानाने सांगत होती, "त्यास्ना दम भलता मोठा शे." त्या बाईला काही कळलं नाही. ती मान हलवत राहिली. मीही मोजत होतो. मला पाणी किती आहे ते माहीत होतं. तरी मी मोजत होतो आणि मोजताना वाटत होतं की म्हातारा आता उठेल, वाळू थुंकेल, आणि हे नाव माझ्यावरून उतरून त्याला चिकटेल. अकरा, बारा. पाण्यावर बुडबुडे येत होते. एकोणीस. वीस.

विसाला मी धावलो. माझ्याही आधी शिडाच्या फळीवरचा एक मुलगा पोचला होता. फळीवरून उतरला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि त्याने नानांना उलटं केलं.

मानेचं हाड मोडलं होतं. दीवच्या सरकारी दवाखान्यातून त्यांना मोठ्या शहरात हलवायचं ठरलं. बस पुढे सोमनाथ-द्वारकेला गेली. ठरलेली यात्रा अर्धी सोडू नये असं म्हणतात. सगळ्यांनी हळहळ केली, मोठ्या मायच्या हातात केळी आणि बिस्किटाचे पुडे दिले, आणि मग खिडकीच्या जागांवरून थोडं भांडण होऊन बस सुटली. जावई जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "म्हाताऱ्याला हौस भारी होती." डावा कान होता, पण कळलं.

मी, माझी बायको आणि मोठी माय थांबलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बायकोने माझ्या पँटकडे पाहिलं. ती अजून कमरेपर्यंत ओली होती, कमरेच्या वर कोरडी. रेघ स्पष्ट दिसत होती.

"तुम्ही तिथूनच बाहेर आला होतात ना?" ती म्हणाली.

मी पँटचे पाय पिळायला लागलो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर मात्र मी काही चुरचुरीत बोललो की ती हसत नाही. आधी माझं मुख्य गिऱ्हाईक तीच होती.

नाना जगले. दोन-तीन महिन्यांनी गावी आले तेव्हा गळ्याला पट्टा होता आणि उजव्या हाताची मूठ मिटत नव्हती. मान वळत नव्हती म्हणून कुणाकडे पाहायचं तर ते खांद्यांसकट सगळेच वळायचे, तोफ वळवावी तसे. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आणि पहिल्याच आठवड्यात नानांनी लाट काढली.

"एव्हडी लाट उनी," ते डाव्या हाताने छप्पर दाखवत. "मी सूर मारेल, आनि खालतून लाट उनी. तिनी माले उचलं आनि खडकवर आपटं. लाटपुढे मानूस काय करी?" ऐकणारा जरा घुटमळला की नाना खांद्यांसकट सगळे माझ्याकडे वळत. "इचारा याले. हाऊ व्हता तठे. परफेसर शे."

ज्या किनाऱ्यावर बायका मांडी घालून बसतात तिथे लाट नसते. मी म्हणायचो, "हो, लाट होती."

मला वाटायचं, हा आमचा सौदा आहे. त्यांना लाट हवी, मला प्रश्न नको. लाट वर्षभरात छपराएवढीची चिंचेच्या झाडाएवढी झाली आणि मी दर खेपेला तिला साक्ष दिली. एक गोष्ट लक्षात आली. ते मला बुडबुड्या म्हणेनासे झाले होते.

तीन वर्षांनी त्यांची एकसष्टी आली. गावातल्या तरुण मंडळाने थोरल्या विहिरीजवळ मांडव घातला. विहिरीत तोवर पोहण्यासारखं पाणी उरलं नव्हतं. आजूबाजूच्या कूपनलिकांनी ते प्यायलं होतं. पण फलक मोठा होता. त्यावर नानांचा फोटो आणि खाली 'सागराशी झुंज देणारे' असं लिहिलं होतं. तालुक्याचे एक पुढारी येणार होते, ते तीन तास उशिरा आले, म्हणजे वेळेवर. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्र मीच लिहिलं होतं, आणि प्रत्यक्षदर्शी म्हणून भाषणही माझंच होतं.

पुढारी हात धूत होते तेवढ्यात नानांनी मला ग्रामपंचायतीच्या खोलीत बोलावलं. ते खुर्चीवर बसले होते. अजून न सुटलेल्या पट्ट्यामुळे हार गळ्यात जाईना म्हणून कुणीतरी तो मांडीवर ठेवला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ते माझ्याकडे वळले, सगळे.

"किती पानी व्हतं रे तठे?"

बाहेर सनईची कॅसेट लागली होती. मला खोटं बोलता आलं असतं. तीन वर्षांत सराव चांगला झाला होता.

"कमरेइतकं," मी म्हणालो.

नानांनी डोळे मिटले, उघडले. "मंग तव्हा काबर नई सांगं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी ते कितीतरी वेळा मनात घोटलं होतं, आणि ते घोटताना मला माझी कीव यायची, जी सुखाची असते. "मला विहिरीत टाकलं तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं का?" मी म्हणालो. "आठ वर्षांचा होतो मी, नाना."

ते माझ्याकडे बघत राहिले. मान वळवता येत नसल्यामुळे त्यांना दुसरीकडे बघताही येत नव्हतं.

"तुले टाकं तव्हा," ते म्हणाले, "मी तुना मांगेमांग उडी मारेल व्हती. बठ्ठा, सगळा पोऱ्यास्ना मांगे मारू. तू पानीमा गया ना गया, तव्हढामा मना हात तुना पोटखाले व्हता. हसनात ते मांगून हसनात." मग विचारपूस करावी तसं त्यांनी विचारलं, "तुले याद नई?"

मला आठवत नव्हतं. पण मी कुणाच्याही हाताशिवाय पाच पुरुषांतून वर आलो असणार, असं तीस वर्षं मानत आलो होतो, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. मी इतिहास शिकवतो.

मी वीसपर्यंत मोजलं होतं. ते त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांचं तोंड पाण्यात होतं.

"चाल आते," नाना म्हणाले. "लोके वाट देखी राह्यनात. लाटनं नीट सांगजो." त्यांनी डावा हात पुढे केला. मी त्यांना उठवलं. हार खाली पडला, तो मी उचलून घेतला.

भाषण उत्तम झालं. पुढारी मान डोलवत होते. मी समुद्र उभा केला, खडक उभा केला, नानांचा सूर जसा होता तसा सांगितला, तेवढा भाग खरा होता. मग लाट आणली. मांडवात टाचणी पडली तर ऐकू आली असती, निदान उजव्या कानाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. जुना विहिरीचा माणूस होता. त्याने हात वर करून विचारलं, "किती व्हती लाट?"

नाना व्यासपीठावरून माझ्याकडे वळले, खांद्यांसकट, सगळे.

"दोन पुरुष," मी म्हणालो.